फाटकावर पाहुणा, बिलाच्या वेळी हौशी

मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर हल्ली वहीऐवजी ॲप असतं. वॉचमन विचारतो, पाहुणे आहात, डिलिव्हरी आहे की कामाला आलात? रविवारी सकाळी पाठीवर कॅमेऱ्याची बॅग आणि हातात लाइटस्टँडची पिशवी घेऊन आलेला माणूस वरच्या मजल्यावर पैसे घेऊन बारशाचे फोटो काढणार असतो, पण नोंद होते 'पाहुणा' म्हणून. तेच सोयीचं पडतं, कारण कामाला आलेल्यांना बऱ्याच ठिकाणी मालवाहू लिफ्टने पाठवतात. याच माणसाच्या इन्स्टाग्रामवर 'प्रोफेशनल फॅमिली फोटोग्राफर' असं लिहिलेलं असतं. संध्याकाळी बागेत रखवालदाराने हटकलं की तो म्हणतो, "घरचेच आहेत हो, हौस म्हणून काढतोय." आणि गिऱ्हाइकाने बिल मागितलं तर, "अहो, मी पार्टटाइम करतो, बिलं कसली!"

एका दिवसात चार ओळखी, आणि प्रत्येक त्या त्या क्षणी फायद्याची. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पोर्ट्रेट आणि कौटुंबिक फोटो काढणारे या शहरात भरपूर आहेत. बँकेत, आयटीत, शाळेत, सरकारी कचेरीत असे लोक भेटतात, आणि त्यांच्यातले काही फार चांगलं काम करतात. तरीही या धंद्यात आज दर पडलेले आहेत, फोटोंच्या मालकीवरून भांडणं होतात आणि बागेच्या फाटकावर हुज्जत घालावी लागते. या सगळ्याचा दोष सहसा 'पार्टटाइम'वाल्यांच्या संख्येला दिला जातो. मला तो त्यांच्या लपाछपीला द्यावासा वाटतो. आठवड्यातून एकच दिवस केला तरी धंदा तो धंदा. फोटोग्राफरने तो उघडपणे मान्य करावा, आणि मान्य केल्यावर महापालिकेने त्याला लहान धंदेवाल्याची जागा द्यावी, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

अर्धवेळ म्हणजे कच्चा, हा समज मुंबईच्या इतिहासात टिकत नाही. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक डॉ. नारायण दाजी. ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर आणि शिवाय छायाचित्रकार. राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला तो १८९६ मध्ये. म्हणजे पोटापाण्याचा उद्योग वेगळा असलेला फोटोग्राफर या शहरात मोठ्या स्टुडिओंच्या कितीतरी आधीपासून आहे. आजच्या रविवारच्या फोटोग्राफरला हुसकावून लावा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तसंही ते शक्य नाही. कॅमेरा घ्यायला लायसन्स लागत नाही.

पण पूर्णवेळवाल्यांची तक्रार खोटी नाही. दादर, गिरगाव, लालबागमधल्या स्टुडिओवाल्याला भाडं आहे, वीजबिल आहे, एका मदतनिसाचा पगार आहे. पासपोर्ट फोटोचं काम मोबाइलने आणि झेरॉक्सच्या दुकानांनी नेलं. उरलेला कौटुंबिक फोटोंचा भाग कोणीतरी दोन-तीन हजारांत करून देतो, कारण त्याचं घर पगारावर चालतं. स्टुडिओवाला भाव सांगतो तेव्हा गिऱ्हाईक मोबाइलवर तो दुसरा आकडा दाखवतं. असं वर्षभर ऐकणाऱ्या माणसाच्या बोलण्यात कडवटपणा आला तर नवल नाही.

तो दोन-तीन हजारांचा आकडा येतो कुठून, हे एकदा कागदावर मांडू. समजा, कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश, कार्डं आणि एडिटिंगचा लॅपटॉप मिळून २,४०,००० रुपये गुंतले आहेत आणि पाच वर्षांत हे सगळं जुनं होणार आहे. वर्षाला ४८,००० झाले. पाऊस, स्वतःच्या घरची कार्यं आणि आजारपणं वजा जाता नोकरदाराच्या हाती वर्षाला फार तर चाळीस शूट लागतात. म्हणजे एका शूटमागे नुसता घसारा, म्हणजे सामानाची झीज, १,२०० रुपये. सॉफ्टवेअर, हार्डडिस्क, सेन्सरची सफाई, दुरुस्ती आणि विमा यांना वर्षाला २४,००० धरले तर आणखी ६००. रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी लोकल कमी. स्टँड-बॅग घेऊन ब्लॉकमधल्या गर्दीत चढता येत नाही, निदान एका बाजूने टॅक्सी लागते, त्याचे ४००. झाले २,२००. अजून मेहनतीचा एक रुपया धरलेला नाही.

आता तास मोजा. फोनवर ठरवाठरवी अर्धा तास, जाणं-येणं अडीच, प्रत्यक्ष शूट सव्वा तास. घरी येऊन फायली उतरवणं, दुसरी प्रत काढणं आणि चारशेतून तीस फोटो निवडणं यात दीड तास जातो. फोटोमागे सहा मिनिटं धरली तर तीस फोटोंच्या एडिटिंगला तीन तास. पाठवणं, "काकांचे डोळे मिटलेत, दुसरा बघा ना" असल्या फेरफारांना पाऊण तास. बेरीज साडेनऊ. ज्याला सगळेजण 'तासाभराचं काम' म्हणतात ते हे. तीन हजार घेतले तर २,२०० जाऊन आठशे उरतात, म्हणजे तासाला साधारण ८४ रुपये. तासाला ४०० रुपये तरी सुटावेत असं वाटत असेल तर दर ६,००० च्या खाली येत नाही.

म्हणून तीन हजारवाला स्वस्त नाही, तो कॅमेऱ्याचा घसारा पगारातून भरतो आहे. हे त्याला कळतं ते चौथ्या वर्षी, शटर गेल्यावर. हिशेब न धरणं ही हौशी माणसाची मुभा आहे. हौसेला कोण घसारा लावतो? पण दुसऱ्याच्या घरचं एकदाच होणारं कार्य अंगावर घेतलं की ती मुभा संपते. आकडे ज्याचे त्याने आपले घालावेत. डोंबिवलीत राहून डोंबिवलीतच काम करणाऱ्याची टॅक्सी वाचेल, वांद्र्याच्या गिऱ्हाइकाला तीसऐवजी पन्नास फोटो लागतील. पण पैशांची ओळ आणि तासांची ओळ दोन्ही मांडल्याशिवाय दर सांगू नये. कार्यालयात खर्चाचा तक्ता चोख करणारी माणसंसुद्धा स्वतःच्या रविवारचा तक्ता करत नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

दर पाडला की काटछाट होते ती गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागी. एकाच कार्डाच्या खाचेचा कॅमेरा, बॅकअप 'नंतर करू', दुसरी बॉडी, म्हणजे राखीव कॅमेरा, नाही, ओळखीत बदली माणूस नाही. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्यातून आलेली कच्ची) फाइल २५ ते ३० एमबीची असते. चारशे फ्रेम म्हणजे १०-१२ जीबी. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर आणि निवडलेल्या फोटोंची तिसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर, ठेवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. घरगुती फोटोत हरवलेली फाइल पुन्हा मिळत नाही. आत्या पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगते तो प्रसंग वीसेक सेकंदांचा असतो. ती ज्या कानाशी वाकणार त्याच्या विरुद्ध बाजूला आधीच उभं राहिलं नाही तर फोटोत आत्याचा अंबाडा तेवढा येतो. "आत्या, पुन्हा एकदा" असं म्हणता येतं, पण मग चेहऱ्यावरचं ते मघाचं हसू येत नाही.

या कामाला कौशल्य लागतं, आणि ते मुंबईच्या घरांत जरा जास्तच लागतं. पोर्ट्रेटसाठी सगळे ८५ मिमीची लेन्स घ्यायला सांगतात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा उभा धरून ८५ मिमीने उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा तर पावणेपाच मीटर मागे जावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत भिंत लागते तीन-साडेतीन मीटरवर. तिथे ३५ मिमी हवी, तिला दोन मीटर पुरतात. आठ जणांचा आडवा ग्रुप ३५ मिमीने चार मीटरवरून बसतो. म्हणजे चाळीतल्या खोलीत तोही नाही. मग ग्रुप गॅलरीत, जिन्यात नाहीतर गच्चीवर काढावा लागतो. गच्चीसाठी सोसायटीच्या कमिटीची परवानगी आदल्या आठवड्यातच घ्यायला हवी. हे ज्याला फोनवरच सुचतं तो घरी आल्यावर फर्निचर हलवत बसत नाही.

दुसरी नेहमीची चूक लेन्सच्या छिद्राची, म्हणजे ॲपर्चरची. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. मागचं धूसर करण्याच्या नादात एफ १.८ वर दोन रांगांचा ग्रुप काढतात. ८५ मिमी, पाच मीटर, एफ १.८ असेल तर स्पष्ट राहणारा पट्टा जेमतेम सदतीस सेंटिमीटरचा असतो. मागची रांग पुढच्यांच्या खांद्यांमागे निदान पन्नास-साठ सेंटिमीटरवर उभी असते. म्हणजे खुर्चीवर बसलेले आजी-आजोबा चोख आणि मागे उभी सून-मुलगा पुसट. एफ ५.६ ला हाच पट्टा सव्वा मीटरच्या जवळ जातो. मोबाइलच्या पडद्यावर ही चूक दिसत नाही, बारा बाय अठराची फ्रेम करून आणली की दिसते, आणि तोवर फोटोग्राफरचे पैसे चुकते झालेले असतात.

बोरन्हाणाचं उदाहरण या कामाची सगळी अवघड गणितं एका जागी आणतं. बोरं, चुरमुरे, हलवा पोराच्या डोक्यावरून घसरताना हवेत थांबवायचे तर शटर निदान १/५०० सेकंद हवं. पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. त्यांच्याखाली १/५०० ला फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. पट्टे टाळायचे तर १/१०० किंवा १/५० वर यावं लागतं, आणि तिथे चुरमुऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून घरातले दिवे बंद करून पोराला खिडकीशी बसवायचं, नाहीतर फ्लॅश छताकडे वळवून मारायचा. फ्लॅशचं शटर २०० किंवा २५० च्या वर जात नाही, पण खोलीत फ्लॅशखेरीज फारसा उजेड ठेवला नाही तर हालचाल थांबवण्याचं काम फ्लॅशचा क्षणिक उजेडच करतो. छत पांढरं मात्र हवं. पिस्ता रंगाच्या छतावरून आलेला उजेड पोराला पिस्ता रंगाचं करतो. शिवाय पोराच्या अंगात काळं झबलं आणि वर पांढरे हलव्याचे दागिने. काळं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो आपोआप उजळ करतो आणि हलवा जळून पांढरा गोळा होतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन तृतीयांश स्टॉपने (उजेडाच्या पायरीने) खाली घ्यायचं आणि कॅमेरा पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे स्वतः जमिनीवर बसून धरायचा. हे सगळं अडीच मिनिटांत, कारण त्यानंतर बोरं वेचायला शेजारची दहा पोरं फ्रेममध्ये शिरतात.

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत रविवार मिळतात मोजकेच. सगळी बोरन्हाणं त्याच रविवारांना. अशा वेळी सकाळी मुलुंड आणि संध्याकाळी विलेपार्ले अशी दोन कामं धरणारा दुसरीकडे उशिरा पोचतो, आणि पोर झोपून गेलेलं असतं. दिवसाला एकच काम घ्यावं, किंवा दोन्ही घरं एकाच रेल्वेमार्गावरची असावीत.

काही कामं अर्धवेळ माणसाने घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात पहिलं, पाच-दहा दिवसांच्या बाळाला टोपलीत, दोरीच्या झुल्यात नाहीतर हनुवटीखाली हात ठेवून मांडण्याचं. हातांवर हनुवटी टेकलेल्या त्या प्रसिद्ध फोटोत बाळ एकटं कधीच नसतं. एकदा मोठ्या माणसाचा हात डोक्याला, एकदा मनगटांना, असे दोन फोटो काढून नंतर जोडतात. हे न कळता फोटो पाहून नक्कल करणारा बाळाच्या मानेशी खेळत असतो. खोली उबदार ठेवणं, हात धुणं, बाळाचे आईवडील हाताच्या अंतरावर असणं, दोरी आणि काचेच्या वस्तू वर्ज्य करणं ही सवय रोज ते काम करणाऱ्यालाच लागते. महिन्यातून एखादं बाळ हाताळणाऱ्याने आईच्या कुशीतलं, पाळण्यातलं बाळ टिपावं. तो फोटो वीस वर्षांनी जास्त खरा वाटतो, हा भाग वेगळा.

जाता जाता, "जरा गोरी दिसेल असं करा" या विनंतीबद्दल. फोटोचा उजेड दुरुस्त करणं आणि मुलीचा रंग बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाचा दर कितीही मिळाला तरी ते नाकारता येतं, आणि बहुतेक वेळा विनंती मुलीची नसतेच, मागे उभ्या मावशीची असते.

आता कायद्याकडे वळू, कारण हौस आणि धंदा यांतली रेघ तिथे ठळक आहे. बहुतेक फोटोग्राफर मानतात की फोटो काढणारा तो मालक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ पैसे घेऊन केलेल्या कामापुरतं वेगळं सांगतं. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला कॉपीराइट, उलट करार नसेल तर, सांगणाऱ्याचा असतो. स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोचा मात्र काढणाऱ्याचा. म्हणजे पैसे घेतले आणि कागद केला नाही तर पोर्टफोलिओसाठी इन्स्टाग्रामवर टाकलेला तो सुंदर फोटो तुमचा नाही. काढणारा म्हणून नाव लागण्याचा आणि कामाची विटंबना रोखण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे राहतो, पण छापण्या-विकण्याचा अधिकार गिऱ्हाइकाकडे जातो. दोन ओळींच्या करारात हे ठरवता येतं. तो करत नाहीत, कारण करार केला की धंदा कबूल करावा लागतो.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदाही याच रेघेवर उभा आहे. वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी कोणी डेटा वापरत असेल तर तो कायदा लागू होत नाही. मोबदला घेणाऱ्याला ही सूट मागता येणार नाही. ओळखू येणाऱ्या चेहऱ्याचा डिजिटल फोटो हा त्या माणसाचा डेटा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचा असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, पण कौटुंबिक फोटोग्राफरचं निम्मं काम मुलांचंच असतं. जाहिरातीसाठी फोटो वापरण्याची संमती शूटच्या करारात घुसडू नये. ती वेगळी घ्यावी, 'नाही' म्हणायची चौकट तेवढीच ठळक ठेवावी, आणि 'नाही' म्हटल्याने दर वाढणार नाही हेही लिहावं.

करार म्हणजे वकिली दस्त नव्हे, एक पान पुरतं. किती फोटो, किती दिवसांत, कोणत्या आकाराचे, किती वेळा दुरुस्ती. रॉ फाइल देणार की नाही. फायली किती महिने सांभाळणार. वर्षभर रास्त आहे. विसार किती, आणि पाऊस आला तर विसाराचं काय. फोटोग्राफर आजारी पडला किंवा कार्यालयाने रविवारी बोलावलं तर बदली कोण येणार. हे शेवटचं कलम अर्धवेळवाल्याने आवर्जून घालावं, कारण महिनाअखेरीला बँकेचा रविवार कधी सोमवार होईल याचा नेम नसतो. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवणार असाल तर तेही सांगून टाका. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेलचा होतो, आणि आठ बाय बारा इंचांच्या चांगल्या प्रिंटला ३६०० लागतात. 'फोटो फुटतो' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

कर आणि नोकरी यांचं थोडक्यात. या कमाईला पगाराबरोबर धंद्याचं उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावं लागतं, त्यामुळे नोकरदारांचा नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीवर. चाळीस शूटवाला त्याच्या आसपासही नाही. उद्यम नोंदणी फुकट आहे. गुमास्त्याची, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीची, धास्ती अनेकांना असते, पण २०१७ च्या राज्य कायद्यानुसार मोजकेच कामगार असले तर नोंदणी नव्हे, नुसती सूचना द्यायची असते. खरी अडचण नेमणूकपत्राची. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली खासगी धंद्याला पूर्वपरवानगी लागते, आणि खासगी कंपन्यांच्या पत्रांतही बरेचदा तसं कलम असतं. ती परवानगी न मागता बायकोच्या नावाने इन्स्टाग्रामचं पान चालवणाऱ्यांना मी काय सांगणार? पण मग दर पाडल्याबद्दल दुसऱ्याला बोल लावू नये.

इतकं सगळं फोटोग्राफरने केलं, तर शहराने काय करायचं? इथे बाजू उलटते. मुंबईतलं कुटुंब फोटोसाठी बाहेर पडतं कारण घरात पावणेपाच मीटर नसतात. बाहेर म्हणजे बाग, चौपाटी, सीफेस, फोर्टचे फुटपाथ. तिथे आज वागणूक ठरते कॅमेऱ्याच्या आकारावरून. फोन आणि गिंबल (फोन स्थिर धरणारी दांडी) घेऊन पाच जणांचं टोळकं तासभर रील करत नाचलं तर कोणी विचारत नाही. एकट्या माणसाने मोठी लेन्स काढली की शिट्टी वाजते. रखवालदाराची चूक नाही. त्याला 'शूटिंगला परवानगी लागते' एवढंच सांगितलेलं असतं आणि शूटिंग ओळखायची खूण म्हणजे मोठा कॅमेरा. मग 'हौस आहे' हे खोटं सुरू होतं, कधी शंभराची नोट पुढे होते, आणि धंदा कबूल करणारा प्रामाणिक माणूस परत पाठवला जातो.

परवानगी मागावी तर ती मिळायची वाट सिनेमाच्या मापाची. चित्रपट, मालिका आणि जाहिरातींसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची. व्हॅनिटी व्हॅन आणि जनरेटर आणणाऱ्यांसाठी ती ठीकच. आजी-आजोबा आणि दोन नातवंडांच्या चाळीस मिनिटांसाठी ती म्हणजे मुंगीला हत्तीचा हौदा.

मोजायचं तर जागा किती अडते ते मोजा. एक फोटोग्राफर, एक मदतनीस, हातातला कॅमेरा, हातात धरलेला रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक), जमिनीवर काहीही नाही: याला परवानगीच नको. तिपाई किंवा लाइटस्टँड उभा राहिला तर छोटं शुल्क, ऑनलाइन, दोन तासांच्या पाळीसाठी, मोबाइलवर दाखवता येईल असा पास. दोनशे रुपये ही रक्कम सहा हजारांच्या कामात बसते. स्टँडला वेगळा नियम हवा यामागे कारण आहे. समुद्राच्या वाऱ्यावर छत्री लावलेला स्टँड शिडासारखा उलटतो. पायाशी पाचेक किलोची वाळूची पिशवी नसेल तर तो फिरायला आलेल्या कोणाच्या तरी डोक्यात जाईल. पासच्या अटींत वाळूची पिशवी लिहिली तर तेवढ्याने अर्धे अपघात टळतील. एका बागेत एका वेळी दोनच पास, म्हणजे बाकड्यांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची अडचण होणार नाही. रंगीत धुराच्या नळकांड्या, दहा फूट शेपटीचे झगे आणि कपडे बदलायचे तंबू आणणारी प्री-वेडिंगची वरात या सवलतीत नको. ती सिनेमाच्याच खिडकीत जावी.

'बाग सार्वजनिक आहे, कोणाच्या धंद्याची पार्श्वभूमी नाही' हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच शुल्क हवं. ते त्याच बागेच्या माळीकामाला मिळावं. गेटवे ऑफ इंडियाच्या आवारात गळ्यात कॅमेरा आणि जवळ छोटा प्रिंटर घेऊन परवानाधारक फोटोग्राफर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. सार्वजनिक जागेत फोटोचा धंदा नियमात बसतो, हे या शहराला नवं नाही. मोबाइलने त्यांचं काम आटलं, ती वेगळी गोष्ट. रेल्वे स्थानकं, नौदलाचा परिसर, केंद्रीय पुरातत्त्व खात्याची कान्हेरी-घारापुरीसारखी ठिकाणं यांचे नियम त्यांचे त्यांना. महापालिकेने स्वतःच्या बागांपुरतं ठरवलं तरी पुष्कळ झालं.

जागा नेमून देताना उजेडाची दिशा कळणारा माणूस जवळ घ्यावा. मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी इमारतींच्या सावलीत तिथे मऊ उजेड असतो आणि गर्दी चालणाऱ्यांची असते. संध्याकाळी समुद्राकडे पाठ केली तर चेहरे काळे पडतात आणि फ्लॅश, म्हणजे स्टँड, लागतो. गेटवेचं पाणी पूर्वेला, तिथलं गणित उलटं. तेव्हा पाळ्यांच्या वेळा सगळीकडे सारख्या ठेवून चालणार नाही. आणि मे-जूनमध्ये गार गाडीतून उतरलेल्याने बॅग वीस-पंचवीस मिनिटं उघडायची नसते, नाहीतर लेन्सवर दव धरतं. दोन तासांच्या पाळीतली ती पंचवीस मिनिटं बसून जातात. रखवालदाराला हा माणूस नुसता बसून काय करतोय असा संशय येऊ नये म्हणून सांगून ठेवलं.

पहिला प्रयोग करायचा तर भायखळ्याची राणीची बाग सोयीची. तिथे तिकीट खिडकी आधीपासून आहे, ये-जा मोजली जाते, झाडं जुनी आणि सावली दाट. पानांखाली चेहऱ्यावर हिरवट छटा येते, ती पांढऱ्या रिफ्लेक्टरने घालवता येते, स्टँडची गरज फारशी पडत नाही. प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडचा भाग फ्लॅशला बंद ठेवावा, जुन्या झाडांच्या वाटांवर दोन-चार ठिकाणं आखून द्यावीत. तिकिटाच्या खिडकीवर 'फोटोग्राफर, दोन तास' असा आणखी एक दर लिहायचा आहे. खिडकीच्या पलीकडेच संग्रहालय आहे, नारायण दाजींच्या भावाच्या नावाचं.